पॅच अर्धा कापला, कॅप्सूल सोडली, आता बंदच करून टाकू का?

पत्र थोडक्यात असं आहे. नागपूरच्याच एक ताई, वय ४९, शाळेत शिकवतात. पाळी बंद होऊन दीड वर्ष झालं. मागच्या हिवाळ्यापासून अंगातून गरम वाफा निघायच्या, रात्री गाऊन ओला होऊन जाग यायची, वर्गात फळ्यासमोर उभं असताना अचानक चेहरा लाल आणि घाम. डॉक्टरांनी तपासण्या करून जानेवारीत इस्ट्रोजेन या हार्मोनचा पॅच, म्हणजे त्वचेवर चिकटवायची पट्टी, दिला, आठवड्यातून दोनदा बदलायचा, आणि रोज रात्री प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनची एक कॅप्सूल. महिना दीड महिन्यात चांगला फरक पडला. मग एका लग्नात पुण्याच्या जाऊबाई भेटल्या, त्याही पॅच लावतात. त्या म्हणाल्या, "मला तर फक्त पॅचच दिला, तू ह्या कॅप्सूल काहून घेऊन राहिली?" कॅप्सूलने झोप झोप होते म्हणून ताईंना आधीच ती नको होती, त्यांनी सोडली. पॅचचा डबा संपला तेव्हा जवळच्या मेडिकलमध्ये मिळाला नाही, तर जाऊबाईंनी आपल्याकडचा जास्त पॉवरचा डबा पाठवला, तो ताई कात्रीने अर्धा कापून लावतात. उन्हाळा सुरू झाल्यापासून पॅच टिकत नाही, एकदा तर रात्री निघाला तो सकाळी सापडलाच नाही. घरात मिस्टर म्हणतात याने कॅन्सर होतो, सासूबाईंना काही सांगितलेलं नाही. प्रश्न एकच: "एवढी भानगड आहे तर पॅच बंदच करून टाकू का? आणि हो, मधात दोनदा डाग लागला, पण ते उन्हामुळे असेल."

ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलं, तेही सहज आठवलं म्हणून. मी तिथूनच सुरू करते. पाळी जाऊन वर्ष उलटलं की त्यानंतर खालून रक्त दिसलं, थेंबभर का असेना, गुलाबी का तपकिरी का असेना, ते डॉक्टरांना सांगायचंच. नागपूरच्या उन्हाने नाकाचा घोळणा फुटतो, गर्भाशयातून रक्त येत नाही. आता हे वाचून लगेच धसका घेऊ नका, हार्मोन सुरू केल्यावर पहिले काही महिने थोडाफार डाग बऱ्याच जणींना दिसतो आणि बहुतेक वेळा कारण साधं निघतं. पण तुमची मधात कॅप्सूल बंद झालेली आहे, त्यामुळे तुम्हाला "बहुतेक वेळा"वर विसंबून बसता येणार नाही. डॉक्टर बहुधा सोनोग्राफी करून गर्भाशयाच्या आतल्या अस्तराची जाडी बघतील, गरज वाटली तर अस्तराचा छोटा तुकडा तपासायला पाठवतील. ते होऊ द्या.

अस्तर म्हणजे काय आणि कॅप्सूलचा त्याच्याशी काय संबंध, हे तुम्हाला कोणी नीट समजावून सांगितलेलं दिसत नाही. तुमची चूक नाही त्यात, पाच मिनिटांच्या ओपीडीत हे राहून जातं. इस्ट्रोजेन गर्भाशयाचं आतलं अस्तर वाढवतं, जाड करतं. पाळी चालू असते तेव्हा शरीर स्वतःच प्रोजेस्टेरॉन बनवून त्या वाढीला आवर घालतं आणि मग अस्तर पाळीतून बाहेर पडतं. आता तुमची पाळी बंद आहे, अंडाशय काम थांबवून बसलेत, आणि पॅचमधून रोज इस्ट्रोजेन आत जातंय. आवर घालायला कोणी नसेल तर अस्तर वाढतच राहतं, आणि असं महिनोन् महिने चाललं तर त्या वाढीतून पुढे गर्भाशयाचा कॅन्सर होण्याची शक्यता खरंच वाढते. ती शक्यता थांबवायला कॅप्सूल दिलेली असते. म्हणजे बघा, तुम्हाला भीती पॅचची वाटत होती आणि टाकून दिली कॅप्सूल, जी तुमची राखण करत होती.

जाऊबाईंना फक्त पॅच का दिला? माझा अंदाज आहे की त्यांची पिशवी काढलेली असावी, विचारून बघा एकदा. गर्भाशयच नसेल तर अस्तराचा प्रश्न येत नाही, म्हणून अशा बायकांना साधारणपणे नुसतं इस्ट्रोजेन देतात. त्यांना दिलेलं बरोबर आहे, तुम्हाला दिलेलंही बरोबर आहे, फक्त एकीची चिठ्ठी दुसरीला चालत नाही. आपल्याकडे बीपीची गोळी, थायरॉईडची गोळी, सगळं असंच लग्नाकार्यात बायकाबायकांत वाटलं जातं, मला ते बघून फार वाईट वाटतं कारण देणारीचा हेतू चांगलाच असतो.

कॅप्सूलने झोप येते ही तुमची तक्रार खरी आहे आणि म्हणूनच ती रात्री झोपताना घ्यायला सांगतात. संध्याकाळी सातला घेऊन मग स्वयंपाकघरात उभं राहिलात तर गरगरणारच. दिवा मालवायच्या आधी घ्या, बऱ्याच जणींना उलट त्याने रात्रीची झोप चांगली लागते. तरीही सकाळी जड वाटत असेल तर तसं डॉक्टरांना सांगा, दुसरे मार्ग आहेत. काहींना कॅप्सूल रोज न देता महिन्यातले १२ ते १४ दिवस जास्त डोसने देतात, काहींना गर्भाशयात मिरेना नावाचं छोटं साधन बसवतात, ते आतच प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन सोडत राहतं आणि अस्तर पातळ ठेवतं. अजून एक, काही कंपन्यांच्या कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचं तेल असतं, त्यामुळे शेंगदाण्याची अॅलर्जी असेल तर आधीच सांगायचं. पर्याय आहेत एवढंच म्हणणं आहे माझं, पण "काहीच नाही" हा त्यातला पर्याय नाही, जोवर गर्भाशय आहे आणि पॅच चालू आहे तोवर.

आता कात्री. पॅच दोन प्रकारचे असतात. एकात औषध चिकट थरातच मिसळलेलं असतं, दुसऱ्यात ते छोट्या पिशवीसारखं आत भरलेलं असतं. दुसऱ्या प्रकारचा कापला की औषध बाहेर सांडतं, अंगात किती जाईल त्याचा काही भरवसा नाही. पहिल्या प्रकारचा कधीकधी डॉक्टर स्वतः कापायला सांगतात, पण तो त्यांनी त्या कंपनीचा पॅच बघून घेतलेला निर्णय असतो. शिवाय काही पॅच आठवड्यातून दोनदा बदलायचे असतात आणि काही आठवड्यातून एकदाच. जाऊबाईंचा कोणता आहे हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, मला वाटतं तुम्ही पाहिलंही नसेल. आणि उरलेला अर्धा तुकडा? तो तुम्ही उघड्या पाकिटात कपाटात ठेवता असं लिहिलंय, पुढच्या वेळेसाठी. पाकीट फोडलं की पॅच लगेच लावायचा असतो, उघडा ठेवायचा नसतो. डोस कमी हवा असेल तर कमी पॉवरचे पॅच मिळतात, रोज २५ मायक्रोग्रॅमपासून १०० मायक्रोग्रॅमपर्यंत, मधले ३७.५, ५०, ७५ पण आहेत. कात्री लावायची गरजच पडू नये.

मेडिकलमध्ये मिळाला नाही ही मात्र खरी अडचण आहे. हे पॅच प्रत्येक काउंटरवर मिळत नाहीत, म्हणून शेवटचे दोन तीन उरले की तेव्हाच ऑर्डर द्यायची, धंतोली किंवा मेडिकल चौकातल्या मोठ्या दुकानांत फोन करून विचारायचं, आणि नेहमीच तुटवडा पडत असेल तर डॉक्टरांना इस्ट्रोजेन जेलबद्दल विचारायचं. जेल रोज हाताला किंवा मांडीला चोळायचं असतं, तेही त्वचेतूनच जातं. कॅप्सूल त्याच्याबरोबरही लागतेच, हे लक्षात ठेवा.

पॅच टिकत नाही त्याचं. तुम्ही लिहिलंय की अंघोळ झाली की पोटावर कमरेशी लावता, वरून पावडर मारता कारण घामोळ्या येतात. यात तीन गोष्टी अडचणीच्या आहेत. कमरेशी जिथे परकराची नाडी किंवा सलवारचं इलॅस्टिक येतं तिथे दिवसभर घासून कडा उचलल्या जातात, मग त्या कडेवर कापडाचा मळ चिकटून काळी किनार तयार होते आणि एकदा ती झाली की पॅच परत बसत नाही. नाडीच्या चार बोटं खाली लावा, पोटाच्या खालच्या भागात एका बाजूला, नाहीतर कुल्ल्याच्या वरच्या भागात, जिथे बसताना घासणार नाही. छातीवर किंवा स्तनावर कधीच नाही. दुसरं पावडर. पावडर, तेल, बॉडी लोशन, काहीही त्या जागेवर नको, आधीही नको आणि कडेने पण नको. घामोळ्यांना पावडर लावायची तर ती पाठीला, मानेला लावा. आणि तिसरं म्हणजे अंघोळीनंतर लगेच लावणं. मे महिन्यात आपल्याकडे टाकीचं पाणी सकाळी नऊलाच कोमट नाही, चांगलं गरम येतं, अंघोळ करून बाहेर पडलं की दोन मिनिटांत पुन्हा घाम. ओल्या अंगावर कोणताच पॅच बसणार नाही बाप्पा. तुम्ही रात्री लावून बघा, कूलरसमोर बसून अंग पूर्ण कोरडं आणि थंड झालं की. पाकीट फोडा, मागच्या कागदाचा अर्धा भाग काढा, चिकट बाजूला बोट न लावता तो अर्धा त्वचेवर टेकवा, उरलेला कागद ओढून काढा आणि तळहाताने १० सेकंद तरी दाबून धरा, कडांवरून एकदा बोट फिरवा. एवढं केलं की तो सहसा अंघोळीत पण निघत नाही.

दर वेळी जागा बदला. सोमवारी डावीकडे लावला तर गुरुवारी उजवीकडे, आणि त्याच जागेवर परत यायला निदान आठवडाभराचं अंतर असू द्या, नाहीतर कातडी लाल होते, खाज सुटते. कालनिर्णयवर बदलायच्या दिवशी "डावा" "उजवा" असं लिहून ठेवलं तर डोक्याला ताप नाही. जुना काढल्यावर गोंदाचा चिकटा राहिला तर थोडं खोबरेल चोळून काढा, पण नवीन पॅच त्या तेलकट जागी नको. तो मधेच निघाला तर आधी तोच दाबून बघा, नाहीच चिकटला तर नवीन लावा आणि बदलायचा दिवस जो ठरलेला आहे तोच ठेवा. बदलायचा विसरलात तर आठवलं तेव्हा बदला, पुढचा आपल्या ठरल्या दिवशी. भरपाई म्हणून दोन पॅच एकदम कधी लावू नका.

उन्हाबद्दल अजून थोडं, कारण आपल्या गावात हा प्रश्न कोणी विचारत नाही आणि विचारायला हवा. पॅचवर थेट उष्णता पडली की त्यातून औषध जास्त वेगाने आत जाऊ शकतं, म्हणून कंबर दुखली म्हणून गरम पाण्याची पिशवी घेता ती पॅचवर नको, पॅचची जागा उघडी ठेवून उन्हात बसायचं नाही. कपड्याखाली असेल तर शाळेत जाण्यायेण्याने काही होत नाही. डबा मात्र स्कूटीच्या डिक्कीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर विसरू नका, ४५ डिग्रीत ती डिक्की भट्टी असते. आणि म्हणून फ्रीजमध्ये ठेवायचा का, तर बऱ्याच कंपन्या नको म्हणतात, डब्यावर काय तापमान लिहिलंय ते वाचा आणि घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, बंद कपाटात ठेवा.

जो पॅच सकाळी सापडला नाही, तो आज शोधा. गादी, चादर, उशीची खोळ, वॉशिंग मशीनचा ड्रम, सगळीकडे. तुमच्या घरात दिराचं लहान मूल सुट्टीत राहायला आलंय असं लिहिलंय म्हणून सांगते. वापरलेल्या पॅचमध्येही बरंच हार्मोन शिल्लक असतं, तो लहान लेकराच्या अंगाला चिकटून राहिला किंवा त्याने तोंडात घातला तर ते चांगलं नाही. पॅच काढला की चिकट बाजू आत घेऊन मधून दुमडायचा, घट्ट दाबायचा, कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात टाकायचा. संडासात फ्लश करायचा नाही.

आता मिस्टरांचं. ते म्हणतात ते अगदीच हवेतलं नाही. २००२ मध्ये अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निकाल आले आणि जगभर बायकांनी हार्मोन धडाधड बंद केले. त्यात ज्यांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखं औषध दोन्ही दिलं होतं, त्यांच्यात वर्षाला दर १०,००० बायकांमागे स्तनाच्या कॅन्सरच्या साधारण ८ केसेस जास्त आढळल्या. हा आकडा मिस्टरांना दाखवा, लपवू नका. पण सोबत हेही सांगा की त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, औषध तोंडावाटे घ्यायच्या गोळ्यांचं होतं, त्यातलं इस्ट्रोजेन घोडीच्या लघवीतून काढलेलं होतं आणि दुसरं औषध तुमच्या कॅप्सूलमधलं नव्हतं. ज्यांना गर्भाशय नव्हतं आणि नुसतं इस्ट्रोजेन दिलं, त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर वाढलेला दिसला नाही. आज बहुतेक तज्ज्ञ असं मानतात की वय ६० च्या आत असेल, पाळी जाऊन १० वर्षं झालेली नसतील आणि त्रास खरा असेल, तर बऱ्याच जणींना फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो. धोका शून्य नाही, आणि वर्षं वाढली तसा थोडा वाढतो, म्हणूनच दर वर्षी डॉक्टरांकडे बसून "अजून लागतंय का" हे विचारायचं असतं आणि मॅमोग्राफी सांगतील तेव्हा करायची असते.

पॅचच का दिला, गोळी का नाही, हेही मिस्टरांना समजू द्या. गोळी पोटातून आधी लिव्हरमध्ये जाते आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढतात, त्यामुळे पायात किंवा फुफ्फुसात गुठळी होण्याचा धोका वाढतो. त्वचेतून जाणारं इस्ट्रोजेन लिव्हरला वळसा घालून थेट रक्तात जातं, आणि नेहमीच्या डोसमध्ये गुठळीचा धोका वाढल्याचं दिसलेलं नाही. तुम्ही बीपीची गोळी घेता, बीपी कंट्रोलमध्ये आहे, बहुधा त्यामुळेच डॉक्टरांनी पॅच निवडला असेल. तरीही एका पायाला अचानक सूज आणि दुखणं, छातीत दुखणं, दम लागणं, एकाएकी भयंकर डोकेदुखी, बोलताना जीभ अडखळणं, एका बाजूचा हात पाय लुळा पडणं, असं काही झालं तर थेट कॅज्युअल्टी गाठायची, रात्र असो का दिवस.

हे वाचणाऱ्या बाकीच्या जणींसाठी पण सांगते, ज्यांना स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय, लिव्हरचा चालू आजार आहे, कारण न सापडलेला रक्तस्राव आहे, किंवा हार्ट अटॅक, स्ट्रोक, गुठळी होऊन गेली आहे, त्यांनी दुसऱ्या कोणाचा पॅच बघून स्वतः सुरू करू नये, आधी हे सगळं डॉक्टरांसमोर मांडायचं. आणि ज्यांची पाळी अजून पूर्ण गेली नाही, मधे मधे येते, त्यांनी पॅच म्हणजे गर्भनिरोधक समजू नये, दिवस राहू शकतात.

आता तुमचा मूळ प्रश्न, बंदच करून टाकू का. पत्रात तुम्ही एक वाक्य लिहिलंय, "नागपुरात मे मध्ये सगळ्यांनाच गरम होते, मी काय वेगळी आहे, आमच्या आईने पण सहन केलंच." ताई, तुम्हाला डिसेंबरच्या थंडीत, स्वेटर घातलेला असताना, छातीतून वाफ वर येऊन मानेला, तोंडाला घाम फुटत होता आणि दोन मिनिटांनी थंडी वाजत होती. तो उन्हाळा नव्हता. आईने सहन केलं कारण तिला विचारायला कोणी नव्हतं. तुम्ही रात्री झोपून सकाळी सातला वर्गात उभं राहायचं आहे, मुलांवर उगाच चिडायचं नाही, यासाठी औषध घेणं चैन नाही. पॅच नको वाटला तर बिनहार्मोनची औषधंही आहेत, हे डॉक्टरांना विचारता येईल, आणि पॅच थांबवायचा ठरला तरी तो त्यांच्याशी बोलून थांबवा, एकाएकी बंद केलं तर वाफा परत येण्याची शक्यता असते. पण मला तुमच्या पत्रात पॅचने त्रास झाल्याचं कुठेच दिसलं नाही. त्रास झाला तो अर्धवट माहितीने.

सासूबाईंना सांगायचं का, हे पूर्ण तुमच्यावर. नाही सांगितलं तर काही बिघडत नाही, हे तुमचं शरीर आहे. फक्त त्यांच्यापासून लपवायचं म्हणून घाईघाईत बाथरूममध्ये ओल्या अंगावर पॅच चिकटवत असाल तर ते बदला, रात्री दार लावून आरामात लावा. मिस्टरांना मात्र पुढच्या अपॉइंटमेंटला सोबत न्या, त्यांचा प्रश्न त्यांनाच डॉक्टरांना विचारू द्या.

उद्या सकाळी काय करायचं ते असं. जाऊबाईंचा डबा आणि कापलेले तुकडे बाजूला ठेवा, नवीन तुकडा लावू नका. आपल्या डॉक्टरांकडे फोन करा आणि रिसेप्शनवर "रूटीन फॉलोअप" म्हणू नका, नाहीतर तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळेल. असं सांगा: "पाळी बंद होऊन दीड वर्ष झालं, इस्ट्रोजेन पॅच चालू आहे, दोन महिने प्रोजेस्टेरॉन घेतलं नाही, आणि दोनदा रक्त दिसलं." पॅच तोवर लावायचा का, कॅप्सूल आजपासून सुरू करायची का, हे त्याच फोनवर विचारून घ्या, स्वतः ठरवू नका. लवकर वेळ मिळत नसेल किंवा खर्चाचा प्रश्न असेल तर मेडिकल (दुकान नाही, सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखाना), मेयो, गांधीबागेतलं डागा, मिहानकडचं एम्स, सगळीकडे स्त्रीरोगाची ओपीडी आहे, सकाळी लवकर जा. जाताना दोन्ही डबे, कॅप्सूलची स्ट्रिप, बीपीच्या गोळ्या, जानेवारीचे रिपोर्ट आणि डाग कोणत्या तारखांना दिसला ते एका कागदावर लिहून न्या. जाऊबाईंचा डबा वापरला हेही सांगा, आणि मधली गॅप किती दिवसांची होती ते खरं तेच सांगा, त्यावरच पुढची तपासणी ठरणार आहे.